प्लेगच्या रुग्णाला पाठीवर घेणाऱ्या सावित्रीमाई

माजिवडा : सावित्रीबाई फुले म्हटलं की आपल्याला मुलींची शाळा आठवते. पण माईंचा शेवट रुग्णसेवेत झाला.

३ जानेवारी १८३१ ला नायगावात (जि. सातारा) जन्म. लहानपणीच जोतीरावांशी लग्न. १८४८ ला पुण्यात मुलींची शाळा. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग शिरला आणि पुढे पुण्यात पोचला. लोक रुग्णाजवळ जायला घाबरत होते. माईंनी डॉक्टर मुलगा यशवंत यांच्यासोबत हडपसरजवळ प्लेगचा दवाखाना चालवला. मुंढव्याच्या एका आजारी पोराला त्यांनी पाठीवर घेऊन तिथं आणलं. पोरगं वाचलं, असं सांगतात. माईंना मात्र लागण झाली. १० मार्च १८९७ ला त्या गेल्या.

उंदरावरच्या पिसवांमुळे प्लेग पसरतो, हे कळलं १८९८ ला. माईंना ते माहीत असणं शक्यच नव्हतं. आपल्याला मात्र आज बरंच माहीत आहे. म्हणून घरच्या आजारी माणसाचं करताना आधी आणि नंतर साबणानं हात धुवा. रुग्णाला खोकला असेल तर दोघांनीही मास्क लावा. रक्त, उलटी साफ करताना हातमोजे घाला. सेवा करणारा धडधाकट राहिला, तरच सेवा चालू राहील.