पांढऱ्या कपड्यांतला गृहस्थ

यंदाच्या स्मरणिकेसाठी एखाद्या थोर व्यक्तीचे चरित्र लिहून द्या, असा निरोप संपादक मंडळाकडून आला तेव्हा आमच्या सौ.ने लगेच लोकमान्य टिळकांचे नाव सुचवले. लोकमान्यांवर आपल्या स्मरणिकेत इतके लेख येऊन गेले आहेत, की माझ्या लेखणीने त्यात भर पडण्यासारखे काही नाही. म्हणून मी एक वेगळाच माणूस निवडला. तो मराठी नाही, भारतीयही नाही. पण आपण मांडवात प्रथमोपचाराची जी पेटी ठेवतो, तिच्यावरची लाल फुली ज्या संस्थेची, ती याच्यामुळे उभी राहिली. (ती खूण वाटेल त्याने वापरू नये असा आपल्याकडे १९६० सालचा कायदा आहे. आपल्या पेटीवर ती कोणी काढली, हे मी विचारत नाही!)

त्याचे नाव हेन्री ड्युनांट. जन्म ८ मे १८२८, स्वित्झर्लंडमधल्या जिनिव्हा शहरात. घर खाऊनपिऊन सुखी आणि धार्मिक. आई गोरगरिबांच्या वस्तीत जायची, तेव्हा मुलालाही सोबत न्यायची. अभ्यासात मात्र स्वारी यथातथाच. गुण कमी पडले म्हणून शाळा सोडावी लागली आणि तो एका पेढीत उमेदवारीला लागला. पेढीच्या कामासाठी अल्जीरियाला गेला आणि तिथे स्वतःची पिठाची गिरणी काढायचे त्याने मनावर घेतले. जमीन मिळाली, भागधारक मिळाले, गिरणी चालवायला पाणी मात्र मिळेना. अल्जीरिया तेव्हा फ्रान्सच्या ताब्यात होता. कचेऱ्यांचे उंबरे झिजवून थकल्यावर त्याने सरळ सम्राट तिसऱ्या नेपोलियनलाच भेटायचे ठरवले. सम्राटाची स्तुती करणारे एक पुस्तकही लिहून छापून सोबत घेतले. सम्राट त्या वेळी इटलीत ऑस्ट्रियाविरुद्धच्या युद्धात होता, म्हणून हा बग्गी करून युद्धभूमीकडे निघाला. म्हणजे बघा, ज्याला आपण जखमी सैनिकांचा कैवारी म्हणतो, तो तिथे पोचला स्वतःच्या धंद्याची फाइल घेऊन. मला यात कमीपणा वाटत नाही. उलट या माणसाबद्दल जवळीक वाटते.

२४ जून १८५९. उत्तर इटलीतल्या सोल्फेरिनो गावाच्या टेकड्यांवर दिवसभर लढाई झाली. दोन्ही बाजूंचे मिळून तीन लाखांच्या आसपास सैनिक होते. संध्याकाळपर्यंत मेलेले, जखमी आणि बेपत्ता यांचा आकडा चाळीस हजारांच्या घरात गेला. मी स्वतः इथल्या दारूगोळ्याच्या कारखान्यात चौतीस वर्षे काढली, त्यामुळे या लढाईतला एक तपशील माझ्या नजरेतून सुटत नाही. फ्रेंचांनी आतून आटे पाडलेल्या तोफा मोठ्या प्रमाणावर वापरल्या त्या याच युद्धात. गोळा लांब जाऊ लागला, नेमका पडू लागला. बंदुकीची गोळीही शंकूच्या आकाराची झाली होती. ती हाड नुसते मोडत नाही, त्याच्या ठिकऱ्या करते. मारण्याचे शास्त्र इतके पुढे गेले होते, पण फ्रेंच सैन्यात घोड्यांसाठी जितके पशुवैद्य होते तितके माणसांसाठी डॉक्टर नव्हते. नोकरीत असताना चाचणीची आकडेवारी वाचायची तर पल्ला, अचूकता, स्फोटाची ताकद एवढेच पाहायचे असते. गोळा जिथे पडतो तिथली बाजू मी प्रथम वाचली ती निवृत्तीनंतर, ड्युनांटच्या पुस्तकात.

जवळच्या कास्तिल्योने गावात जखमींचा लोंढा आला. घरे, शाळा, मठ, रस्ते सगळे भरले. एका मोठ्या चर्चमध्ये सुमारे पाचशे जखमी दाटीवाटीने पडले होते. अन्न होते, पाणी होते, तरी माणसे तहानेने मरत होती, कारण पाणी तोंडाला लावायला हात नव्हते. ड्युनांटला वैद्यकीचा गंधही नव्हता. अंगात प्रवासाचे पांढरे कपडे. त्याच कपड्यांत तो कामाला लागला आणि तिथले लोक त्याला पांढऱ्या कपड्यांतला गृहस्थ म्हणून ओळखू लागले. गावातल्या बायकांना त्याने जमवले, पोरांना झऱ्यावरून पाण्याच्या बादल्या आणायला लावले. एक म्हातारा नौदल अधिकारी, दोन इंग्रज प्रवासी, एक पत्रकार, एक व्यापारी असे वाटेत सापडतील ते लोक हाताशी धरले. बग्गीवाल्याला ब्रेशिया शहरात पिटाळून लिंबे, संत्री, साखर, सदरे, पट्ट्यांचे कापड, टाचण्या, विड्या आणि तंबाखू स्वखर्चाने आणवली. तंबाखू कशाला, असा प्रश्न पडेल. चर्चमध्ये कुजणाऱ्या जखमांचा जो वास कोंडला होता, त्यात तेवढाच दिलासा.

बायकांनी एक गोष्ट पाहिली, की हा माणूस जखमी फ्रेंच की ऑस्ट्रियन हे विचारतच नाही. मग त्याही शत्रूच्या सैनिकांची सेवा करू लागल्या आणि हे सगळे आपले भाऊच, असे एकमेकींना सांगू लागल्या.

तिथे क्लॉडियस माझुए नावाचा विशीतला एक फ्रेंच कॉर्पोरल होता. डाव्या कुशीत गोळी. आपण वाचत नाही हे त्याला ठाऊक होते. ड्युनांटने पाणी पाजल्यावर त्याने एवढेच मागितले, की वडिलांना पत्र लिहा आणि आईला धीर देण्यास सांगा. ड्युनांटने लिऑन शहरातला पत्ता टिपून घेतला आणि क्षणभरात मुलगा गेला. एकुलता एक होता. आईबापांना त्याची जी काही बातमी कळली ती ड्युनांटच्या पत्रातूनच, आणि सरकारदफ्तरी त्याची नोंद बेपत्ता म्हणून झाली असावी, असे ड्युनांटला वाटे. दुसरा एक जुना सार्जंट. लवकर उपचार झाले असते तर मी वाचलो असतो, आता संध्याकाळपर्यंत मरणार, असे त्याने शांतपणे सांगितले आणि तसेच झाले.

इथे मला थोडे स्वतःचे सांगायला हवे. १९९९ साली कारगिलचे युद्ध जुलैअखेर संपले आणि सप्टेंबरात गणपती आले. जुन्या सभासदांना आठवत असेल, त्या वर्षी आपण ऑर्केस्ट्रा रद्द करून ते पैसे आणि वेगळी वर्गणी मिळून जवानांच्या कल्याण निधीला पाठवली. मी तेव्हा खजिनदार होतो. एरवी वर्गणीसाठी चार चार खेपा घालाव्या लागतात, त्या वर्षी माणसे स्वतः घरी येऊन पावती फाडून घेऊन गेली. फळे घेऊन आम्ही चौघे जण जबलपूरच्या लष्करी रुग्णालयातही गेलो होतो. तिथे सोलापूर जिल्ह्यातला सिग्नल्सचा एक जवान भेटला. आमचे मराठी ऐकून त्याने मला थांबवून घेतले. एक पाय गुडघ्याखाली गेला होता आणि घरी कळवले नव्हते. गावात शेजारच्या दुकानात फोन होता, पण सगळ्यांच्या देखत आईला हे कसे सांगायचे? हाताला पट्टी होती म्हणून पत्र मी लिहिले. पायाचे वाक्य तीनदा बदलले आणि शेवटी त्याने ते काढूनच टाकायला लावले. पुढच्या रविवारी येतो, मग नीट लिहू, असे मी त्याला म्हणालो. त्या रविवारी कारखान्यात ओव्हरटाइम लागला. त्यानंतरच्या रविवारी गेलो तेव्हा त्याला पुण्याला हलवले होते. पत्ता माझ्याकडे होता, पाकिटावर मीच घातला होता, पण तो मी टिपून ठेवला नव्हता. दुसऱ्या वर्षी आपला ऑर्केस्ट्रा पुन्हा सुरू झाला. त्या निधीचा विषय बैठकीत कोणी काढला नाही. मीही नाही.

ड्युनांटने मात्र पत्ता टिपला होता. लढाईनंतर चारच दिवसांनी त्याने जिनिव्हातल्या एका ओळखीच्या बाईंना, काउंटेस द गास्पारँ यांना, पत्र लिहून सगळी हकीकत कळवली आणि मदत मागितली. बाईंनी क्रिमियाच्या युद्धात सैनिकांसाठी वर्गणी जमवली होती. त्यांनी पत्रातला मजकूर ९ जुलैला जिनिव्हाच्या वर्तमानपत्रात नाव न घालता छापून आणला. पैसे जमू लागले, काही स्वयंसेवक इटलीला निघाले. पण ड्युनांटच्या मनातून तो सार्जंट जाईना. वर्गणी आली ती चर्चमधले बहुतेक जण गेल्यावर. म्हणून त्याने १८६२ मध्ये सोल्फेरिनोच्या आठवणींचे पुस्तक लिहिले, पदरमोड करून १६०० प्रती छापल्या आणि युरोपातल्या राजेरजवाड्यांना, सेनापतींना, मंत्र्यांना पाठवल्या. पुस्तकात आकडे थोडे, माणसे फार. शेवटी दोन मागण्या. शांततेच्या काळातच प्रत्येक देशात शिकवून तयार केलेल्या स्वयंसेवकांच्या समित्या असाव्यात, आणि जखमींना व त्यांची सेवा करणाऱ्यांना संरक्षण देणारा करार सर्व देशांनी करावा.

पुस्तक वाचून अनेकांच्या डोळ्यांत पाणी आले, पण सगळ्यांनी मान डोलावली नाही. खुद्द फ्लॉरेन्स नाइटिंगेलबाईंचा आक्षेप होता, की अशा समित्या निघाल्या तर जे काम सरकारचे आहे ते सरकार अंगाबाहेर टाकील. हा आक्षेप मला आजही वजनदार वाटतो. पण कास्तिल्योनेत सरकार नव्हते आणि पाण्याची बादली धरणारा पोरगा होता, हेही खरेच.

जिनिव्हातले वकील गुस्ताव मोयनिए यांनी विषय उचलला. फेब्रुवारी १८६३ मध्ये पाच जणांची समिती झाली: जनरल द्युफूर, मोयनिए, डॉ. आपिया, डॉ. मोनुआर आणि ड्युनांट. २२ ऑगस्ट १८६४ रोजी बारा देशांनी पहिल्या जिनिव्हा करारावर सह्या केल्या. स्विस झेंड्याचे रंग उलटे करून पांढऱ्यावर लाल फुली ही खूण ठरली.

आणि इकडे गिरणी बुडाली. समितीच्या धावपळीत धंद्याकडे लक्ष राहिले नव्हते. १८६७ मध्ये दिवाळे निघाले, त्यात नातेवाइकांचे आणि मित्रांचे पैसे गेले. प्रोटेस्टंट जिनिव्हात दिवाळखोराला क्षमा नव्हती. मोयनिए यांनी त्याला समितीतून बाहेर काढले. ड्युनांटने गाव सोडले ते कायमचे. लोकांचे पैसे बुडाले होते, तेव्हा मोयनिएंना अगदीच दुष्ट ठरवणे मला जमत नाही. पॅरिसमध्ये तो स्टेशनच्या प्रतीक्षागृहात झोपे, कोटाची विटलेली जागा शाईने काळी करी आणि कॉलर खडूने पांढरी. ज्याच्या एका पत्राने वर्गणी जमली, त्याच्यासाठी पावतीपुस्तक काढणारा कोणी नव्हता.

१८८७ मध्ये तो हाइडेन नावाच्या स्विस डोंगरी गावात आला आणि १८९२ पासून तिथल्या रुग्णालयातच राहू लागला. बहुतेकांना तो केव्हाच मेला असे वाटत होते. १८९५ मध्ये गेओर्ग बाउमबर्गर या पत्रकाराने त्याला शोधून काढून लेख लिहिला, तेव्हा लोक खडबडून जागे झाले. मदत आली, मानसन्मान आले. १९०१ चे शांततेचे पहिले नोबेल पारितोषिक त्याला आणि फ्रेदेरिक पासी यांना विभागून मिळाले. ड्युनांट ते घ्यायला गेला नाही. सावकारांच्या हाती पडू नयेत म्हणून ते पैसे एका मित्राने नॉर्वेतल्या बँकेत ठेवले. म्हाताऱ्याने त्यांना हात लावला नाही. आपल्याला कोणी विष घालील अशी भीती त्याला शेवटी वाटे, म्हणून जेवण आधी दुसऱ्याने चाखायचे.

१९१० साल विचित्रच. १३ ऑगस्टला नाइटिंगेलबाई गेल्या, २१ ऑगस्टला मोयनिए, आणि ३० ऑक्टोबरला ड्युनांट. मोयनिए आणि त्याचा समेट झालाच नाही. झुरिकच्या स्मशानात ड्युनांटचे दफन झाले ते त्याच्या इच्छेप्रमाणे, कोणत्याही समारंभाशिवाय.

मृत्युपत्रात त्याने नॉर्वेतल्या आणि स्वित्झर्लंडमधल्या धर्मादाय संस्थांना पैसे ठेवले होते. आणि हाइडेनच्या रुग्णालयात गावातल्या गरीब रुग्णासाठी एक खाट कायमची मोफत ठेवण्याची तरतूद केली होती.