रावबहादूर धुरंधर : विद्यार्थिदशेतच घडलेला व्यावसायिक चित्रकार

मंडळाच्या सुवर्णमहोत्सवाचा हा आनंदाचा प्रसंग. अशा वेळी मागे वळून पाहताना पुढच्या पिढीचा विचार मनात येणे स्वाभाविक आहे. रायपूरच्या आपल्या मराठी कुटुंबांतही चित्रकलेचे वेड घेऊन एखादे मूल जन्माला येते. लहानपणी त्याच्या रंगपेटीचे घरात कौतुक होते. पण बारावीनंतर तेच वेड आईवडिलांना चिंतेत टाकते. खैरागडला १९५६ साली स्थापन झालेले इंदिरा कला संगीत विश्वविद्यालय आपल्या प्रदेशातच आहे. तेव्हा शिकावे कोठे, हा प्रश्न नाही. या शिक्षणावर पुढे संसार चालेल काय, हा आहे. त्याचे उत्तर शोधताना आम्हांस चित्रकार महादेव विश्वनाथ धुरंधर यांच्या चरित्राचे स्मरण होते.

धुरंधरांचा जन्म १८ मार्च १८६७ रोजी कोल्हापुरात, पाठारे प्रभू कुटुंबात झाला. १८९० च्या जानेवारीत, वयाच्या तेविसाव्या वर्षी, ते मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेत दाखल झाले. शाळा १८५७ सालची. प्राचार्य होते अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करवून घेणारे जॉन ग्रिफिथ्स. तेथील शिक्षण शिस्तीचे होते. प्लास्टरच्या पुतळ्यांवरून रेखाटन, छायाप्रकाशाचा अभ्यास, मग प्रत्यक्ष माणसावरून चित्रण, अशी एकेक पायरी हात घोटीत चढावी लागे.

धुरंधरांनी ही शिस्त मनापासून स्वीकारली, आणि तिच्याबरोबरच आणखी एक गोष्ट केली. वर्गात कमावलेले कसब त्यांनी वर्गाबाहेरच्या जीवनाकडे वळविले. नऊवारी नेसलेल्या स्त्रिया, घरातील कामे, सण, लग्नकार्ये हे त्यांचे विषय झाले. बॉम्बे आर्ट सोसायटी १८८८ साली स्थापन झाली होती आणि तिची प्रदर्शने भरू लागली होती. तेथे परीक्षक अनोळखी, प्रेक्षक अनोळखी आणि विकत घेणाराही अनोळखी. उमेदवार चित्रकाराची खरी कसोटी अशाच ठिकाणी लागते. १८९५ साली, लक्ष्मी आली काय, अशा अर्थाच्या शीर्षकाच्या त्यांच्या चित्रास सोसायटीचे सुवर्णपदक मिळाले. दुसऱ्याच वर्षी, १८९६ मध्ये, ते आपल्याच शाळेत शिक्षक झाले. त्याच १८९६ साली त्याच शाळेतील विद्यार्थी गणपतराव म्हात्रे यांनी आपले सुप्रसिद्ध ‘मंदिरपथगामिनी’ हे शिल्प घडविले. विद्यार्थिदशा ही केवळ वाट पाहण्याची अवस्था नव्हे, याची ही दोन ठळक उदाहरणे होत.

नोकरी लागली म्हणून धुरंधरांची कुंचल्याची उमेदवारी संपली नाही. शाळेचे काम सांभाळून त्यांनी बाहेरची कामे घेतली. पौराणिक चित्रे, व्यक्तिचित्रे, पोस्टकार्डे, जाहिराती, रेल्वेची भित्तिपत्रके यांपैकी कशालाही त्यांनी हलके मानले नाही. एडवर्ड्‌स यांचे मुंबईवरील पुस्तक (१९१२), किंकेड यांचा दख्खनी कहाण्यांचा संग्रह (१९१४), भारतीय स्त्रियांवरील रॉथफेल्ड यांचा ग्रंथ (१९२०) हे त्यांच्या चित्रांनी सजले. नाना जातिजमातींची वेशभूषा, दागिने, उभे राहण्याची ढब या चित्रांत जशी उतरली आहे, तशी ती एका दिवसात साधत नाही. तिच्यामागे सवय लागलेली नजर असते. शिवचरित्रातील प्रसंगही त्यांनी रंगविले, आणि औंधचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांच्यासारख्या रसिक राजाने त्यांची चित्रे आपल्या संग्रहात जपली.

या व्यावसायिक यशाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. मागणीप्रमाणे चित्रे पुरविणारा कलावंत, अशी टीका पुढच्या काळातील नवमतवाद्यांनी या परंपरेवर केली. तीत तथ्याचा अंश असेलही. परंतु ज्या मध्यमवर्गात चित्रकारी हा पोटाचा धंदा मानला जात नव्हता, त्या वर्गातील एका मनुष्याने तो सन्मानाने करून दाखविला, हे आम्हांस अधिक मोलाचे वाटते.

ज्या संस्थेत ते विद्यार्थी म्हणून आले, तिच्या संचालकपदाची धुरा १९३० साली त्यांनी काही काळ वाहिली आणि १९३१ मध्ये ते निवृत्त झाले. तेथील दिवसांच्या आठवणी त्यांनी ‘कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे’ या आत्मचरित्रात (१९४०) लिहून ठेवल्या. या एकेचाळीस वर्षांत शिकण्याची वर्षेही त्यांनी मोजली आहेत, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. शिकणे आणि कमावणे यांच्यामध्ये त्यांनी भिंत उभी केली नव्हती. त्यांची कन्या अंबिका यांनीही जे. जे. मध्येच शिक्षण घेऊन चित्रकलेचा मार्ग पत्करला. पित्याने तो व्यवसाय मुलीसाठीही योग्य मानला, यातच सारे आले. १ जून १९४४ रोजी धुरंधर निवर्तले.

आपल्या रायपुरातून जी मुले-मुली कलाशिक्षणासाठी बाहेर पडतील, त्यांना आमचे एवढेच सांगणे आहे : पदवी हाती पडेपर्यंत थांबू नका. वर्गातला अभ्यास चोख करा, भोवतालची माणसे पाहून रोज रेखाटा, प्रदर्शनात चित्र पाठवा आणि लहान काम आले तरी ते वेळेवर व नीट करून द्या. पालकांनीही या वर्षांत मुलांच्या पाठीशी उभे राहावे. धुरंधरांच्या स्मृतीस आमचे विनम्र अभिवादन.