पाच लोखंडी पेट्या : बाबासाहेबांचे कागद कसे वाचले?

भाईंदरची खाडी ओलांडली की नायगाव स्टेशन येते. मिठागरांच्या या पट्ट्यात आता उंच इमारती उभ्या राहिल्या आहेत आणि मुंबईतल्या जुन्या चाळींतून, वस्त्यांतून निघालेली आपली अनेक कुटुंबे इथे स्थिरावली आहेत. घर बदलताना फ्रिज येतो, कपाट येते, बाबासाहेबांचा आणि तथागतांचा फोटो तर सगळ्यात आधी येतो. मागे राहते ती आजोबांची पत्र्याची ट्रंक. तिच्यात असतात वर्गणीच्या पावत्या, मंडळाच्या सभांची वही, जयंतीची हँडबिले, कुणाकुणाची पत्रे. नव्या फ्लॅटमध्ये जागा नसते म्हणून ट्रंक भंगारात जाते आणि कागद रद्दीत.

म्हणून आज बाबासाहेबांचे चरित्र थोड्या वेगळ्या बाजूने सांगायचे आहे. त्यांनी आयुष्यभर कागद कसे जपले आणि त्यांच्यानंतर ते कागद कसे जेमतेम वाचले, याची ही गोष्ट आहे.

14 एप्रिल 1891 रोजी महू येथे जन्मलेले भीमराव हे सुभेदार रामजींचे चौदावे अपत्य. मुलाला पुस्तक हवे म्हटले की रामजी हात पसरून पैसे उभे करायचे. पुस्तकांचे हे वेड पुढे समुद्रापार गेले. 1913 साली बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. तिथे पोटाला चिमटा काढून त्यांनी सुमारे दोन हजार जुनी पुस्तके जमवली. 1917 मध्ये शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि लंडनचे शिक्षण अर्धवट सोडून परतावे लागले. पहिले महायुद्ध चालू होते. बाबासाहेब सुखरूप पोचले, पण सामान ज्या बोटीवर होते ती पाणतीराने बुडाली. नुकसानभरपाईचे 600 रुपये मिळाले. त्यातूनच बडोद्याला नोकरीवर जाण्याचा खर्च भागला. कागद किती सहज नष्ट होतात, याचा हा पहिला धडा त्यांना ऐन तरुणपणी मिळाला.

बडोद्यात काय झाले ते सर्वांना ठाऊक आहे. पारशी विश्रामगृहातून काठ्या घेऊन आलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढले. हा प्रसंग बाबासाहेबांनी पुढे स्वतःच्या अक्षरात लिहून ठेवला. लहानपणीचा गोरेगावचा प्रवास, बडोद्याची रात्र आणि असे आणखी काही अनुभव त्या लहानशा हस्तलिखितात आहेत. त्यांच्या हयातीत ते छापले गेले नाही. 1990 मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटीने ते 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या नावाने प्रसिद्ध केले. ती चार पाने हरवली असती तर बाबासाहेबांच्या बालपणाचा त्यांच्याच तोंडून मिळणारा हा पुरावा आपल्या हाती लागला नसता.

कागदाचे मोल त्यांना चळवळीतही कळले होते. महाडचेच उदाहरण घ्या. आपण चवदार तळ्याचे पाणी आठवतो, पण त्यामागे दोन ठराव होते. 4 ऑगस्ट 1923 रोजी मुंबई कायदेमंडळाने रावबहादूर सी. के. बोले यांचा ठराव मंजूर करून सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले केले. 1924 मध्ये महाड नगरपालिकेने त्यानुसार तळे खुले असल्याचा ठराव केला. 20 मार्च 1927 रोजी बाबासाहेबांनी तळ्यावर जाऊन पाणी घेतले तेव्हा नगरपालिकेच्या दप्तरातला हा ठराव त्यांच्या बाजूने होता. ऑगस्ट 1927 मध्ये नगरपालिकेने तो फिरवला. डिसेंबरमध्ये विरोधक कोर्टात गेले. तळे खासगी आहे, अस्पृश्यांना बंदी ही पुरातन रूढी आहे, असा त्यांचा दावा होता. खटला दहा वर्षे चालला. जुनी कागदपत्रे तपासली गेली, साक्षी झाल्या. अखेर 17 मार्च 1937 रोजी मुंबई उच्च न्यायालयाने निकाल दिला की अशी पुरातन रूढी सिद्ध होत नाही. रस्त्यावर मिळवलेला हक्क दप्तरातही मिळवावा लागला.

संस्था काढतानाही त्यांची हीच शिस्त होती. 20 जुलै 1924 रोजी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली. परळच्या दामोदर हॉलमध्ये तिचे कार्यालय होते. तिची घटना होती, पदाधिकारी होते, जमाखर्च होता. पुढे स्वतंत्र मजूर पक्ष, शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन, 1945 ची पीपल्स एज्युकेशन सोसायटी, 1955 ची भारतीय बौद्ध महासभा अशा संस्था उभ्या राहिल्या. 'मूकनायक', 'बहिष्कृत भारत', 'जनता', 'प्रबुद्ध भारत' या पत्रांतून सभांचे वृत्तांत, देणगीदारांची नावे, गावोगावच्या तक्रारी छापल्या गेल्या. कुठल्या गावात कुणी वर्गणी दिली, कुठे बहिष्कार पडला, हे आज आपल्याला कळते ते या अंकांमुळे.

दादरच्या हिंदू कॉलनीत 'राजगृह' बांधले तेही मुख्यतः पुस्तकांसाठी. मगधाच्या जुन्या राजधानीचे नाव घराला दिले. 1946 मध्ये सिद्धार्थ कॉलेज सुरू झाल्यावर संग्रहातली पुष्कळ पुस्तके त्यांनी कॉलेजच्या ग्रंथालयाला दिली. स्वतःसाठी जमवलेले धन विद्यार्थ्यांच्या हाती सोपवले.

त्याच 1946 साली त्यांनी अमेरिकेतील कृष्णवर्णीयांचे नेते डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र पाठवले. तिथल्या कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रांकडे अर्ज केल्याचे त्यांनी वाचले होते आणि त्या अर्जाच्या प्रती त्यांना हव्या होत्या. भारतातील अस्पृश्यांसाठीही असा मार्ग घेण्याचा विचार त्यांच्या मनात होता. जुलै अखेरीस ड्यू बॉइस यांचे उत्तर आले. आज हा पत्रव्यवहार आपण वाचू शकतो, कारण ड्यू बॉइस यांचे कागद मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या ग्रंथालयात जपून, क्रम लावून ठेवले आहेत. दोन खंडांतल्या दोन लढ्यांना जोडणारा धागा एका व्यवस्थित ठेवलेल्या फाइलमुळे टिकला.

1951 मध्ये कायदेमंत्रिपदाचा राजीनामा दिल्यावर बाबासाहेब दिल्लीत 26, अलीपूर रोड येथे राहायला गेले. तब्येत खालावत होती, डोळे त्रास देत होते, पण लिखाण थांबले नाही. नानकचंद रत्तू दिवसभराची सरकारी नोकरी संपवून यायचे आणि रात्री टंकलेखन करायचे. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' हा ग्रंथ याच घरात पूर्णत्वाला गेला. 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपुरात धम्मदीक्षा झाली. 5 डिसेंबरच्या रात्रीही त्यांनी या ग्रंथाची प्रस्तावना आणि काही पत्रे टेबलावर मागवून घेतली. 6 डिसेंबरच्या पहाटे त्यांचे महापरिनिर्वाण झाले. ग्रंथ 1957 मध्ये प्रसिद्ध झाला. बाकीचे लिखाण पेट्यांमध्ये पडून राहिले.

इथून पुढची गोष्ट आपल्या तरुणांना फारशी सांगितली जात नाही. कागदांचा ताबा न्यायालयाच्या देखरेखीखाली गेला. 1967 च्या जानेवारीत अलीपूर रोडचे घर रिकामे करवून घेतले गेले, तेव्हा अनेक कागद उघड्यावर टाकले गेले आणि पावसात भिजले. रत्तूंनी हे दुःख आपल्या आठवणींत लिहून ठेवले आहे. ज्यांनी पान न् पान टाइप केले होते, त्यांच्यासाठी तो प्रसंग किती कठीण असेल याची कल्पना करा. बाबासाहेबांच्या वापरातल्या ज्या वस्तू रत्तूंनी जपल्या होत्या, त्या पुढे त्यांनी नागपूरजवळ चिचोलीला वामनराव गोडबोले यांच्या संग्रहालयासाठी दिल्या. टाइपरायटर आणि कपडे आजही तिथे आहेत.

उरलेल्या पेट्या दिल्लीहून महाराष्ट्राच्या महाप्रशासकांकडे आल्या आणि कुलपात राहिल्या. नागपूरचे वकील जे. बी. बनसोड यांनी उच्च न्यायालयात दावा लावला. मागणी साधी होती : हे लिखाण राष्ट्राचे आहे, ते मला छापू द्या नाहीतर सरकारने छापावे. दावा वर्षानुवर्षे चालला. दरम्यान राज्य सरकारने प्रकाशन समिती नेमली आणि 1978 मध्ये वसंत मून विशेष कार्य अधिकारी झाले. नागपूरच्या वस्तीत वाढलेला हा समता सैनिक दलाचा कार्यकर्ता. त्यांनी बाबासाहेबांच्या वारसांची संमती मिळवली, महाप्रशासकांकडे पाठपुरावा केला. 18 सप्टेंबर 1981 रोजी पेट्या मून यांच्या हाती देण्याचे मान्य झाले. सगळा ठेवा पाच लोखंडी पेट्यांमध्ये शिक्षण विभागाच्या ताब्यात ठेवला गेला. पहिला खंड त्याआधीच, 14 एप्रिल 1979 रोजी निघाला होता. पेट्या उघडल्यावर अप्रकाशित लिखाणाचे खंड येऊ लागले.

1987 मध्ये 'रिडल्स' छापून आले आणि वादळ उठले. सरकार मागे सरले, एक परिशिष्ट वगळण्याची भाषा झाली. 1988 च्या सुरुवातीला लाखो आंबेडकरी जनता मुंबईत रस्त्यावर उतरली आणि ते लिखाण राहिले. जुने कागद म्हणजे इतिहासाच्या अभ्यासकांचा विषय, असे ज्यांना वाटते त्यांनी हा मोर्चा आठवावा. आजवर वीसहून अधिक खंड निघाले आहेत, पण ते सहज मिळत नाहीत. खंडांची छपाई रखडल्याची बातमी आल्यावर डिसेंबर 2021 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाला स्वतःहून दखल घ्यावी लागली. म्हणजे पेट्या उघडल्या तरी काम संपलेले नाही.

आणखी एक नाव इथे घ्यायलाच हवे, ते चांगदेव खैरमोडे यांचे. विद्यार्थिदशेपासून ते बाबासाहेबांच्या सहवासात होते. पत्रे, पत्रके, कात्रणे, आठवणी ते जमवत राहिले. चरित्राचा पहिला खंड 1952 मध्ये, बाबासाहेब हयात असतानाच आला. 1971 मध्ये खैरमोडे गेल्यानंतरही पुढचे खंड निघत राहिले. त्यांचा संग्रह मुंबई विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहे. मोठा पैसा हाताशी नव्हता. तरीही एका माणसाच्या चिकाटीने चळवळीची स्मृती वाचली.

नायगावकरांना हे दूरचे वाटू नये. इथून दोन स्टेशनांवर नालासोपारा आहे. 1882 मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी तिथला स्तूप उघडला, तेव्हा दगडी पेटीत एकात एक ठेवलेले करंडक आणि बुद्धांच्या धातूच्या लहान मूर्ती मिळाल्या. त्या आज मुंबईच्या एशियाटिक सोसायटीत आहेत. कुणीतरी शतकांपूर्वी काळजीपूर्वक पेटी बंद केली म्हणून सोपाऱ्याचा धम्म आपल्याला सिद्ध करता येतो. सम्राट अशोकाचे शिलालेखही याच परिसरात सापडले. आपल्या पूर्वजांनी दगडात जपले, आपल्याला निदान कागद तरी जपता यावा.

मग करायचे काय? या रविवारी विहारात वंदना झाल्यावर एक तास काढा. घरातल्या ज्येष्ठांना ट्रंक उघडायला सांगा. टाचण्या आणि स्टेपलच्या पिना हलक्या हाताने काढा, त्या गंजून कागद खातात. कागद ओल आणि उन्हापासून दूर ठेवा, लॅमिनेशन करू नका. फोटोच्या मागे मऊ पेन्सिलीने नावे, गाव आणि साल लिहा. मोबाइलवर प्रत्येक पानाचा स्वच्छ फोटो काढून दोन-तीन ठिकाणी साठवा. मंडळाची जुनी सभावही कुणा एकाच्या घरी न ठेवता तिची नोंद विहाराच्या दप्तरी करा. आणि आजी-आजोबांना विचारून घ्या, कारण फोटोतली माणसे ओळखणारे डोळे दरवर्षी कमी होत आहेत.

बाबासाहेबांचे कागद वाचले ते रत्तू, बनसोड, मून आणि खैरमोडे यांच्यासारख्यांमुळे. आपल्या वस्तीचे कागद वाचवायला बाहेरून कुणी येणार नाही. ते आपल्यालाच वाचवावे लागतील.

जय भीम!