चापू ते मलिक अंबर : नगरच्या इतिहासातील एका हबशी पुरुषाचे जीवन

दरवर्षी जून महिन्यात आपल्या निवासी शाळेच्या नोंदवहीत नवी नावे चढतात. मूल वळकटी आणि पत्र्याची पेटी घेऊन उभे असते, आई-वडील त्याचे नाव सांगतात आणि आम्ही ते जपून लिहून घेतो. इतिहासाचा शिक्षक म्हणून त्या वेळी मला नेहमी एका माणसाची आठवण होते. त्याचे नाव कोणत्याही नोंदवहीत चढले नव्हते. तो बालपणीच विकला गेला आणि मालकांनी दिलेल्या नावाने जगाला ठाऊक झाला. पुढे त्याच माणसाने आपल्या जिल्ह्यातील निजामशाहीचे बुडते राज्य सव्वीस वर्षे तोलून धरले. पाठ्यपुस्तकात मलिक अंबर दोन-तीन ओळींत संपतो. शाळेच्या या स्मरणिकेच्या निमित्ताने त्याचे जीवन सविस्तर सांगावे, असे मनात आले.

मायभूमी

अंबरचा जन्म सुमारे १५४८ मध्ये आफ्रिकेतील इथिओपियात झाला. त्याचे मूळ नाव चापू. ज्या भूमीत तो जन्मला ती भूमी इतिहासहीन नव्हती. तेथील अक्सुमच्या राजांनी इसवी सनाच्या प्रारंभीच्या शतकांत स्वतःची नाणी पाडली होती, गीझ भाषेला स्वतःची लिपी होती आणि तांबड्या समुद्रावरून चालणाऱ्या व्यापारात त्या राज्याला मोठे स्थान होते. आफ्रिकेला इतिहासच नाही, हे युरोपीय वसाहतवाद्यांनी पुढे पसरवलेले मत तेथील दगड, नाणी आणि ग्रंथ खोटे ठरवतात. मात्र चापूच्या जन्मकाळी हा प्रदेश होरपळून निघाला होता. डोंगराळ भागातील ख्रिस्ती राजे आणि अदलची मुस्लिम सल्तनत यांच्यात १५२९ ते १५४३ या काळात मोठे युद्ध झाले. त्यामागोमाग ओरोमो लोकांची स्थलांतरे झाली. अशा धामधुमीत पकडलेली आणि दारिद्र्यामुळे विकली गेलेली असंख्य मुले गुलामांच्या बाजारात पोहोचली. चापू हा त्यांपैकीच एक.

येथे एका शब्दाचा विचार करणे आवश्यक आहे. दख्खनमध्ये अशा सर्व लोकांना ‘हबशी’ म्हणत. हबश म्हणजे ॲबिसिनिया. परंतु मायदेशी यांतील कोणीही स्वतःची ओळख केवळ या एका शब्दाने सांगत नसे. त्यांच्या भाषा, कुळे, दैवते आणि चालीरीती वेगवेगळ्या होत्या. जहाजातून उतरताच त्या सर्वांवर एकच शिक्का बसला. आफ्रिकेच्या अगदी दुसऱ्या टोकाला, दक्षिणेस राहणाऱ्या न्गुनी भाषक लोकांचा इतिहास याच्याशी ताडून पाहण्याजोगा आहे. ते गुरेढोरे पाळणारे, शेती करणारे लोक होते. माणसाची पहिली ओळख म्हणजे त्याचे कुळनाव. ‘झुलू’ हे नावही मुळात अशाच एका लहान कुळाचे होते. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी शाका या राजाने अनेक कुळांतील समवयस्क तरुणांना एकत्र करून सैन्याची पथके बांधली आणि त्या सहवासातून झुलू हे एका राष्ट्राचे नाव झाले. म्हणजे ओळख रक्तातून आयती येत नाही, ती माणसांच्या एकत्र जगण्यातून घडते. फरक इतकाच की झुलूंची नवी ओळख त्यांच्याच भूमीत घडली, तर हबशांना ती परक्या भूमीत, मालकाच्या अंगणात घडवावी लागली.

गुलामी आणि शिक्षण

चापू येमेनमधील मोखा बंदराच्या बाजारात विकला गेला आणि हातोहाती बगदादला पोहोचला. तेथे मीर कासिम नावाच्या व्यापाऱ्याने त्याची बुद्धी ओळखली, त्याला इस्लामची दीक्षा दिली, लिहायला-वाचायला शिकवले आणि त्याचे नाव अंबर ठेवले. अंबर हे समुद्रातून मिळणारे एक मौल्यवान सुगंधी द्रव्य होय. त्या काळी गुलामांना अशीच नावे देत. काफूर म्हणजे कापूर, याकूत म्हणजे माणिक. नावे मोठी मोलाची, पण ती वस्तूंची होती, हे लक्षात घेतले पाहिजे.

परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी गुलामगिरी आणि अस्पृश्यता यांची तुलना करताना एक मर्मभेदी मुद्दा मांडला होता. गुलाम ही मालकाची मालमत्ता असल्याने त्याला शिकवण्यात, त्याला कुशल करण्यात मालकाचा स्वार्थ असे. म्हणून रोममध्ये गुलामांतूनही विद्वान आणि वैद्य निर्माण झाले. अस्पृश्याच्या बाबतीत कोणाचाही असा स्वार्थ नव्हता आणि जबाबदारीही नव्हती. त्याच्यासाठी ज्ञानाचे दार बंदच राहिले. बगदादमधील अंबरचे शिक्षण पाहिले म्हणजे हा मुद्दा उमगतो. गुलामगिरी चांगली होती, असा त्याचा अर्थ मुळीच नाही. विकल्या गेलेल्या माणसालाही जे अक्षर मिळाले, तेही ज्या समाजाला नाकारण्यात आले, त्या समाजाच्या दुःखाची खोली त्यातून कळते, इतकेच. अमेरिकेतील कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. द्यू बॉईस यांना बाबासाहेबांनी १९४६ मध्ये पत्र लिहिले, त्यामागेही या दोन दुःखांच्या नात्याची जाणीव होती.

दख्खनमध्ये आगमन

१५७० नंतरच्या काही वर्षांत अंबरला निजामशाहीचा पेशवा चंगीझखान याने विकत घेतले. हा चंगीझखान स्वतः एकेकाळचा गुलाम आणि हबशी होता. त्याच्या पदरी सुमारे एक हजार हबशी गुलाम होते. दख्खनमधील गुलामी ही मळ्यावर राबवण्याची नव्हती. येथे गुलामाच्या हाती तलवार दिली जाई आणि मालकाच्या मृत्यूनंतर बहुधा तो स्वतंत्र होई. चंगीझखानाच्या मृत्यूनंतर अंबर मुक्त झाला. त्याने सिद्दी करीमा हिच्याशी विवाह केला आणि पुढील सुमारे वीस वर्षे तो चाकरी शोधत फिरला. काही काळ तो विजापूरकरांकडे होता. ‘मलिक’ हा किताब त्याला तेथेच मिळाला. १५९५ मध्ये सुमारे दीडशे स्वारांची तुकडी घेऊन तो अहमदनगरला परतला, तेव्हा त्याचे वय पन्नाशीकडे झुकले होते. ज्या वयात आपण निवृत्तीचा विचार करू लागतो, त्या वयात त्याचे खरे जीवनकार्य सुरू झाले.

राज्य तोलून धरले

चांदबिबीने १५९५-९६ मध्ये नगरच्या किल्ल्याचे शौर्याने रक्षण केले, परंतु १६०० मध्ये तिची हत्या झाली आणि किल्ला अकबराच्या सैन्याच्या हाती गेला. बालराजा ग्वाल्हेरच्या कैदेत गेला. निजामशाही संपली, असे सर्वांनी मानले. अंबरने ते मानले नाही. त्याने राजघराण्यातील एका तरुणाला परांडा येथे मुर्तझा निजामशाह म्हणून गादीवर बसवले, त्याला आपली मुलगी दिली आणि विखुरलेले सैन्य गोळा केले. प्रतिस्पर्धी राजू दख्खनी याचा त्याने १६०७ मध्ये पाडाव केला आणि १६१० मध्ये नगरचा किल्ला मुघलांकडून परत जिंकला. त्या सुमारास दख्खनमधून गेलेल्या एका इंग्रज व्यापाऱ्याने त्याच्याकडे दहा हजार हबशी आणि चाळीस हजार दख्खनी सैनिक असल्याचे नमूद केले आहे.

या आकड्यांतच त्याच्या यशाचे मर्म आहे. मुघलांच्या अवजड फौजेशी समोरासमोर लढणे त्याला परवडणारे नव्हते. म्हणून त्याने मराठा घोडदळाच्या चपळाईवर भिस्त ठेवली. शत्रूची रसद तोडणे, वैरण जाळणे, रात्री छापे घालणे, डोंगरात ओढून नेऊन थकवणे, ही पद्धत त्याने राज्याच्या युद्धनीतीत रुजवली. भोसले, जाधव यांसारखी घराणी या काळात निजामशाहीच्या चाकरीत पुढे आली. शहाजीराजांच्या उमेदवारीचा काळ याच वातावरणात गेला. पुढील काळातील गनिमी काव्याच्या इतिहासात मलिक अंबरचे पान वगळून चालणार नाही.

जन्माचा शिक्का मात्र पुसला गेला नाही. अंबरच्या मुलीला राजवाड्यात सवतीने गुलामाची मुलगी म्हणून हिणवले, राजालाही दूषणे दिली आणि हे कळताच अंबरने राजाला व त्या राणीला विष देवविले, असे एका डच व्यापाऱ्याने नोंदविले आहे. राजाचा लहान मुलगा गादीवर आला. हे कृत्य समर्थनीय नाही. परंतु सत्तेच्या शिखरावरही एक शब्द माणसाला किती खोल डागतो, हे त्यातून दिसते. इकडे मुघल बादशाह जहांगीर त्याच्या काळ्या वर्णाचा उल्लेख करून त्याची निर्भर्त्सना करी. भाल्यावर खोचलेल्या अंबरच्या मस्तकावर आपण बाण सोडत आहोत, असे चित्र त्याने दरबारी चित्रकाराकडून काढून घेतले. प्रत्यक्षात ते मस्तक जहांगीरला कधीच मिळाले नाही. जे रणांगणावर साधले नाही ते कागदावर साधण्याचा तो प्रयत्न होता. हे चित्र आज डब्लिन येथील संग्रहालयात आहे.

पाणी आणि जमीन

१६१० मध्ये अंबरने खडकी हे नगर वसवले. पुढे त्याच्या मुलाच्या नावावरून ते फतेहनगर झाले, औरंगजेबाच्या काळात औरंगाबाद आणि आज ते छत्रपती संभाजीनगर आहे. वसवणाऱ्याप्रमाणेच त्या नगराच्या वाट्यालाही अनेक नावे आली. या शहरासाठी त्याने बांधलेली नहर-ए-अंबरी ही पाणीयोजना आजही अभ्यासकांना थक्क करते. उत्तरेकडील डोंगरात मुरलेले पाणी भूमिगत नळांतून, केवळ उताराच्या बळावर शहरात आणून हौदांत आणि कारंज्यांत खेळवले गेले. राळेगणसिद्धी परिसरातील आपल्या वाचकांना याचे महत्त्व वेगळे सांगायला नको. पारनेर तालुक्यातील अवर्षण भोगलेल्या, बांध आणि चर खोदून पाणी अडवलेल्या माणसांना पाण्याची जाण असलेला राज्यकर्ता लगेच ओळखता येतो.

महसुलात त्याने मक्तेदारांची पद्धत बंद केली. जमिनीची प्रत आणि पीक पाहून धारा ठरवला. प्रारंभी तो उत्पन्नाच्या सुमारे दोन-पंचमांश धान्यरूपाने असे, पुढे त्याऐवजी रोख रक्कम घेण्याची पद्धत आली. मिरासदार कुणब्यांचा जमिनीवरील हक्क मान्य झाल्याने लढायांच्या काळातही शेती टिकून राहिली.

भातोडीची लढाई

१६१६ मध्ये रोषणगावच्या लढाईत अंबरचा पराभव झाला आणि मुघलांनी खडकी जाळली. १६१७ आणि १६२१ मध्ये तह करून त्याला प्रदेश सोडावा लागला. तरीही तो खचला नाही. १६२४ मध्ये मुघल आणि विजापूरकर यांच्या संयुक्त फौजा त्याच्यावर चालून आल्या. नगरजवळील भातोडी येथे त्याने तलावाचे पाणी सोडून शत्रूच्या तळावर चिखल केला, रसद तोडली, रात्री छापे घातले आणि अखेरीस दोन्ही फौजांचा धुव्वा उडवला. शहाजीराजे या लढाईत पराक्रमाने गाजले, तर त्यांचे बंधू शरीफजी धारातीर्थी पडले. त्या वेळी अंबरचे वय पंचाहत्तरच्या पुढे होते.

मे १६२६ मध्ये त्याचे निधन झाले. मुघल दरबाराच्या इतिहासकारानेही युद्धात आणि कारभारात त्याची बरोबरी करणारा कोणी नव्हता, असे मान्य केले. मात्र ही स्तुती करतानाही तो गुलाम होता, हे सांगायला तो विसरला नाही. अंबरच्या मुलाने १६३३ मध्ये दौलताबाद मुघलांच्या स्वाधीन केले. त्यानंतर शहाजीराजांनी संगमनेरजवळील पेमगिरी येथे एका बालकाला गादीवर बसवून निजामशाही सावरण्याचा प्रयत्न केला. अंबरने परांड्याला जे केले, त्याचाच तो पुढचा अध्याय होता. १६३६ मध्ये मात्र ते राज्य संपले.

आपण काय घ्यावे

मलिक अंबरचा गौरव करताना इतिहासाशी प्रामाणिक राहिले पाहिजे. तो स्वतः मोठा झाला, परंतु गुलामांचा व्यापार त्याने थांबवला नाही. हबशी गुलाम येत राहिले आणि त्याच्या सैन्यात भरती होत राहिले. त्याच्या महसूल पद्धतीने मिरासदाराचा हक्क राखला, पण गावकुसाबाहेरचा महार गावकुसाबाहेरच राहिला. शिवेच्या वादात गाव ज्याची साक्ष प्रमाण मानत असे, त्याच्या नावे त्या शिवेच्या आत मालकीची जमीन क्वचितच होती. एक माणूस वर गेल्याने व्यवस्था बदलत नाही. ती बदलण्यासाठी सर्वांनी मिळून उठावे लागते. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात लाखो लोकांनी एकत्र येऊन आपली ओळख स्वतः निवडली, त्या घटनेचे वेगळेपण यातच आहे. अंबरला नावे इतरांनी दिली आणि त्याने त्यांना अर्थ दिला. आपल्या आजोबा-आजींनी नाव आणि अर्थ दोन्ही स्वतः ठरवले.

माजी विद्यार्थ्यांना आठवत असेल, आपली शैक्षणिक सहल वेरूळची बौद्ध लेणी पाहायला जाते. तेथून अगदी जवळ खुलताबाद आहे. मलिक अंबर आणि सिद्दी करीमा यांच्या कबरी तेथेच आहेत. पुढील सहलीत आपली मुले तेथे थांबावीत, अशी माझी इच्छा आहे. फार काही सांगावे लागणार नाही. येथे झोपलेल्या माणसाला त्याच्या आईने चापू या नावाने हाक मारली होती, इतके सांगितले तरी पुरे. ज्या मुलांची नावे आम्ही जूनमध्ये जपून लिहून घेतो, त्यांना त्याचा अर्थ कळेल.