देवांची गाणी रचली नाशिकच्या शाहिरानं, जन्मठेप झाली प्रकाशकाला

रॉक गाण्यात देवाचं नाव आलं की चाहत्यांमध्ये वाद ठरलेला. गायक खरंच देवाला आळवतोय, की देवाच्या आडून भलतंच काही सांगतोय? १९०९ साली नाशिकच्या मराठी गाण्यांवरून हाच प्रश्न कोर्टात गेला होता. उत्तर चुकलं असतं, तर फक्त वाद हरला नसता, काळं पाणी होतं.

ही गाणी रचणारे होते स्वातंत्र्यशाहीर गोविंद.

पूर्ण नाव गोविंद त्र्यंबक दरेकर. जन्म १८७४ चा. लहानपणीच्या आजारात पाय अधू झाले ते कायमचेच. शाळा फारशी झाली नाही, पण शब्द जुळवण्यात हातखंडा. नाशिककर त्यांना आबा म्हणायचे. सुरुवातीला आबा लावण्या रचायचे. मग सावरकर बंधूंशी गाठ पडली, १९०० मध्ये 'मित्रमेळा' सुरू झाला आणि आबांची लेखणी देशाकडे वळली.

पण थेट इंग्रजांविरुद्ध लिहिलं तर तुरुंग ठरलेला. मग वाट कुठली? पुराण आणि इतिहास. देवांनी राक्षस मारले, शिवरायांनी अफजलखान मारला. गोष्ट जुनी, सगळ्यांना पाठ. आजचा राक्षस कोण, हे गाण्यात सांगायची गरजच नव्हती. ते ऐकणारा ओळखायचा. खाडिलकरांच्या 'कीचकवध' नाटकातही प्रेक्षकांना कीचकाच्या जागी लॉर्ड कर्झन दिसला, आणि १९१० मध्ये सरकारनं त्यावर बंदी घातली.

गोविंदांच्या कविता गणेश दामोदर सावरकर, म्हणजेच बाबाराव यांनी 'लघु अभिनव भारतमाला' या नावानं छापल्या. खटला त्यांच्यावर झाला. आरोप चार कवितांवर होता. बचाव सरळ होता : ही देवदैत्यांची आणि जुन्या वीरांची गाणी आहेत.

८ जून १९०९ ला बाबारावांना जन्मठेप झाली, मालमत्ताही जप्त. प्रकरण मुंबई हायकोर्टात गेलं. तिथं होते न्यायमूर्ती नारायण चंदावरकर. मराठी जाणणारे आणि प्रार्थना समाजाचे अध्यक्ष. भक्तिगीत कसं असतं, हे त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती. देवांची आणि वीरांची नावं हे निमित्त आहे, खरा उपदेश सरकारविरुद्ध युद्धाचा आहे, असा अर्थ कोर्टानं काढला आणि शिक्षा कायम केली. बाबाराव अंदमानात गेले.

गंमत अशी, की अर्थ कोर्टानं बरोबरच लावला होता. नाशिकच्या पोरांनाही तोच लागला होता. फरक एवढाच, की पोरांनी तो छातीशी धरला आणि कोर्टानं गुन्हा ठरवला.

गोविंद १९२६ मध्ये वारले. त्यांची शेवटच्या काळातली कविता म्हणजे 'सुंदर मी होणार'. इथं मरण भीतीचं नाही. जुनं शरीर गळून नवं मिळणार, ही आपल्याकडची जुनी धार्मिक कल्पना. पण जन्मभर अधू पायांनी जगलेल्या माणसानं ती लिहिली, हे कळलं की अर्थ बदलतो. इथं देशाचा शत्रू नाही, राक्षस नाही. फक्त एका थकलेल्या देहाची सुटका आहे.

पुढं पु. ल. देशपांडे यांनी याच नावाचं नाटक लिहिलं. त्यातल्या दीदीराजेचेही पाय अधू आहेत.