उषा मेहता : लहरींवरून लढलेला लढा

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले आणि जिल्ह्यातील अनेक गावांची वीज व मोबाइल सेवा ठप्प झाली. अशा प्रसंगी पेण-रोह्यातही हौशी बिनतारी संदेशवहनाचे मोल कळते आणि हातात मावणारा डिजिटल संच कोणता घ्यावा, हा प्रश्न पुढे येतो. संच कोणता, लहर कोणती, जागा कोणती आणि ऐकणारे कोण, याचा विचार १९४२ मध्ये मुंबईत एका बावीस वर्षांच्या तरुणीला प्राण पणाला लावून करावा लागला होता. त्या उषा मेहता.

२५ मार्च १९२० रोजी सुरतजवळच्या सरस गावी त्यांचा जन्म झाला. वडील ब्रिटिश अमदानीत न्यायाधीश. तरीही सायमन कमिशनच्या निषेधात त्या आठव्या वर्षीच सामील झाल्या. पुढे कुटुंब मुंबईला आले. विल्सन महाविद्यालयातून तत्त्वज्ञानाची पदवी घेऊन त्यांनी कायद्याचा अभ्यास आरंभिला. ‘छोडो भारत’ची हाक येताच तो सोडला.

नेते तुरुंगात होते, वृत्तपत्रांवर निर्बंध होते. महायुद्धामुळे हौशी प्रक्षेपणाचे परवानेही सरकारने काढून घेतले होते. अशा काळात सहकाऱ्यांसह त्यांनी गुप्त काँग्रेस रेडिओ उभारला. २७ ऑगस्ट १९४२ रोजी ४२.३४ मीटरवर त्याचा आवाज उमटला. वातावरणाच्या वरच्या थरावरून परावर्तित होणाऱ्या या लघुलहरी दूरवर पोहोचत. चिमूर-आष्टीतील अत्याचारांसारख्या दडपलेल्या वार्ता त्यांवरून देशाला कळल्या.

मात्र लहर मित्रांना ऐकू येते, तशी शत्रूलाही. पोलिसांच्या गाड्या प्रक्षेपणाची दिशा शोधत फिरत. त्यामुळे संच सतत हलवावा लागे. १२ नोव्हेंबर १९४२ रोजी, एका तंत्रज्ञाच्या फितुरीनंतर, गिरगावच्या पारेखवाडीत त्या प्रक्षेपण चालू असतानाच पकडल्या गेल्या. सहा महिने चौकशी झाली. त्यांनी तोंड उघडले नाही. चार वर्षांची शिक्षा भोगत असता १९४६ मध्ये येरवड्याहून त्यांची सुटका झाली. नंतर त्यांनी गांधीविचारावर डॉक्टरेट मिळवली, विल्सन महाविद्यालयात अध्यापन केले. १९९८ मध्ये पद्मविभूषण लाभला. ११ ऑगस्ट २००० रोजी त्यांचे निधन झाले.

त्यांच्या चार प्रश्नांची उत्तरे आज वेगळी आहेत. हातातल्या संचाच्या लहरी साधारणतः सरळ रेषेत जातात. कुंडलिकेच्या खोऱ्यात मधला डोंगर त्या अडवतो. म्हणून संचाच्या किमतीपेक्षा उंच जागा किंवा टेकडीवरचे पुनःप्रक्षेपण केंद्र अधिक उपयोगी ठरते. डिजिटल पद्धती अनेक आहेत आणि एका पद्धतीचा संच दुसरीचा आवाज उलगडू शकत नाही; तेव्हा आपले सहकारी वापरतात तीच पद्धत निवडावी, आणि साध्या एफएमवरही बोलता येईल असा संच घ्यावा. वाहिन्या क्रमाने चाळण्याची सोय हौशी पट्ट्यातील संभाषण हुडकण्यासाठी आहे, इतरांचे खासगी संदेश चोरून ऐकण्यासाठी नव्हे.

उषाताईंनी परवान्यावाचून बोलण्याची किंमत तुरुंगात मोजली. आज केंद्र सरकारची परीक्षा उत्तीर्ण होऊन तो परवाना कोणासही मिळवता येतो. संच खरेदी करण्याआधी तो हाती असावा. संकट येण्याआधी सरावही झालेला असावा.