सूरश्री केसरबाई केरकर

मी सातवीपर्यंत शिकलेली एक गृहिणी. गाण्याचे शास्त्र मला कळत नाही. तरीही केसरबाईंची हकीकत आपणां सर्वांना सांगावीशी वाटली.

केसरबाईंचा जन्म १३ जुलै १८९२ रोजी गोव्यात फोंडा तालुक्यातील केरी गावी झाला. गाणाऱ्या बायकांना समाजात मान नसण्याचा तो काळ. आठव्या वर्षी कोल्हापुरास अब्दुल करीम खाँसाहेबांकडे त्या काही महिने शिकल्या. पुढे गोव्यात रामकृष्णबुवा वझे यांची तालीम मिळाली. सोळाव्या वर्षी त्या मुंबईस आल्या. १९२१ मध्ये, तिशीजवळ आल्या असताना, त्या अल्लादिया खाँसाहेबांच्या शिष्या झाल्या आणि पुन्हा पहिल्यापासून शिकू लागल्या. ज्या वयात आपण शिकणे संपले असे धरून चालतो, त्या वयात त्यांनी हे केले! १९४८ मध्ये कलकत्त्यास त्यांना ‘सूरश्री’ ही पदवी मिळाली, १९६९ मध्ये पद्मभूषण.

त्यांनी शिष्या फारच थोड्या केल्या. कोल्हापूरच्या धोंडूताई कुलकर्णी त्यांतल्या एक. तेव्हा आपल्यासारख्यांना त्यांचे गाणे मिळते ते मुख्यतः तबकड्यांतून. जुन्या तबकडीच्या एका बाजूस तीन-साडेतीन मिनिटेच मावत. तासभर रंगणारा राग तेवढ्यात बसवावा लागे. पण तेवढे तरी राहिले!

१९७७ मध्ये अमेरिकेने ‘व्हॉयेजर’ नावाची दोन याने अवकाशात सोडली. दोन्हींत सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची तबकडी आहे. तीत देशोदेशींच्या संगीताबरोबर केसरबाईंची भैरवीही आहे. दुसरे यान ५ सप्टेंबरला निघाले आणि १६ सप्टेंबरला केसरबाई निवर्तल्या. त्यांचा आवाज मात्र आजही पुढे चालला आहे.

आता थोडे आपल्या घरचे. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी प्वातव्हाँ यांनी गावोगावच्या बायकांच्या जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. तो संग्रह एक लाखावर ओव्यांचा आहे आणि त्यात आपल्या इंदापूर तालुक्यातील बायकांच्याही ओव्या आहेत. बारामती-इंदापूरकडच्या किती आज्या-सासवा मात्र आपल्या ओव्या बरोबर घेऊन गेल्या!

म्हणून माझी विनंती आहे. ज्यांच्या घरी ओव्या येणारी वडीलधारी बाई आहे, त्यांनी तिला जवळ बसवून गायला लावावे आणि मोबाईलवर ते भरून ठेवावे. तिचे नाव, गाव आणि तारीखही लिहून ठेवावी. मंडळाने ते सारे एके ठिकाणी जपावे. पुढल्या वर्षावर हे काम टाकू नये.